शिंपला की किडा?

खाडीच्या तोंडाशी खारव्यांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं, एक गाव होतं, आणि त्या गावात भिवा नावाचा एक पुजारी राहायचा. माणूस सरळ, पण फार भिडस्त. भिडस्त माणसाचं एक असतं बघा. सगळे त्याला चांगला म्हणतात आणि सगळेच त्याला आपल्या बाजूला ओढतात. भिवाचं आयुष्य या ओढाओढीतच चाललं होतं.

गावात वाड्या दोन, वरची आणि खालची. मधोमध देवीचं देऊळ, आणि देवळाला लागून भिवाचं घर. ओहोटी लागली की गावापुढे वाळूची मोठी पुळण उघडी पडायची. त्या पुळणीवरच दोन्ही वाड्यांचं पोट. वरच्या वाडीच्या बायका खुरपी घेऊन तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढायच्या. खालच्या वाडीचे पुरुष वाळूतले किडे उकरायचे आणि गळाला लावून मासे धरायचे. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये म्हणून वाडवडिलांनी देवीसमोर नियम घालून दिला होता. पुळणीत जे शिंपल्यांत बंद, ते वरच्या वाडीचं. जे उघडं वळवळतं, ते खालच्या वाडीचं. नियम सुटसुटीत होता, सगळ्यांना पाठ होता. तिसरं काही पुळणीत असू शकेल, हे मात्र वाडवडिलांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

एका वर्षी नदीला पूर आला. डोंगराची माती वाहत येऊन खाडीत बसली. पुळणीवर गाळाचा थर चढला. गाळाखाली तिसऱ्या गुदमरून मेल्या, किडे दिसेनासे झाले. दोन्ही वाड्यांत चुली पेटायच्या, पण त्यांच्यावर काय ठेवायचं हा प्रश्न. पोरं पेज पिऊन झोपायची आणि रडत उठायची.

मग एका सकाळी वरच्या वाडीची आवडाबाय फार पुढे, अगदी खाडीच्या मुखापर्यंत चालत गेली. आवडाबाय म्हणजे वाडीची पुढारीण, आणि अख्ख्या गावाची सुईण. तोंडाने फटकळ, हाताने कसबी. मुखाशी गाळ टिकला नव्हता, वाळू घट्ट होती. त्या वाळूवर तिला बारीक फटी दिसल्या. जिथे तिथे तीन-तीन, एका ओळीत. तिने पाऊल टाकलं की पुढच्या फटी झटकन मिटायच्या.

“आत कोण तरी राहतंय मेलं,” ती म्हणाली आणि खुरपं घातलं.

जनावर सहजी हाती येईना. जेवढं खणावं तेवढं ते खाली जाई. शेवटी हातभर खोल गेल्यावर ते सापडलं. बोटाएवढं. वर दोन चपटे, पातळ, हिरवट शिंपले. आणि शिंपल्यांच्या मागे लांबलचक मांसल शेपूट, त्याचं टोक भोकाच्या तळाला चिकटलेलं. आवडाबायच्या साठ वर्षांत असलं काही तिने पाहिलं नव्हतं. पण शिंपले दोन होते, ते तिला पुरेसं होतं.

“वरच्या वाडीचं!” ती ओरडली.

नेमका त्याच वेळी पलीकडून खालच्या वाडीचा पांडू तांडेल आला. तो खालच्या वाडीचा म्होरक्या. त्याच्याही हातात तसलंच एक जनावर होतं, पण त्याने ते शेपटीला धरलं होतं.

“कसलं वरच्या वाडीचं? हे वळवळतंय बघ. हे आमचं!”

“शिंपले दिसत नाहीत का तुला?”

“शेपूट दिसत नाही का तुला?”

झालं. तिथल्या तिथे फावडं आणि खुरपं एकमेकांवर उगारलं गेलं. शेवटी कोणीतरी तोडगा काढला. भांडायचं कशाला? अर्धं अर्धं करू. शिंपले वरच्या वाडीला, शेपूट खालच्या वाडीला. सगळ्यांना पटलं. मूर्खपणा दोघांना सारखा वाटून दिला की न्यायासारखा दिसतो. त्यांनी टोपलीभर जनावरं काढली आणि तोडली. शेपट्या उन्हात सुकून दोऱ्या झाल्या, त्या गळाला टिकेनात. शिंपल्यांत चमचाभरही मांस निघालं नाही. उरलेली तुटकी जनावरं परत वाळूवर टाकली, तर ती भोकात शिरेचनात. दुसऱ्या ओहोटीला ती तशीच मरून पडलेली दिसली, आणि त्या जागेवर एकही फट नव्हती. घट्ट वाळूचा तो पट्टा काही मोठा नव्हता. असाच तोडगा आणखी थोडे दिवस चालला असता, तर पुळणीवर तोडायलाही काही उरलं नसतं.

तेव्हा ठरलं, देवीला कौल लावायचा.

कौल कसा लावतात ते ठाऊक आहे ना? देवीच्या पाषाणावर उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. आधी जी पाकळी पडेल, तो देवीचा हुकूम. या गावात त्यावर आणखी एक कडक रीत होती. कौल लागला की पाकळी पडेपर्यंत दोन्ही पक्षांच्या म्होरक्यांनी सभामंडपातून उठायचं नाही. जो उठला, त्याचा पक्ष हरला. आणि पुजाऱ्याने कौल मोडला, तर त्याच्या घराकडून पूजा कायमची गेली.

भिवाने हे ऐकलं आणि तो घाबरला. त्याला कारण होतं. त्याची एकुलती एक मुलगी शेवंती पांडू तांडेलाची सून होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते.

आदल्या संध्याकाळी पांडू त्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

“व्याहीबुवा, पाकळ्या तुम्हीच लावणार ना?”

“मीच लावणार.”

“मग नीट लावा. कौल आमच्या बाजूने आला, तर सून आणि नातवंड वाजतगाजत घरी नेतो. नाही आला, तर लेक तुमचीच आहे. ठेवून घ्या.”

एवढं बोलून तो गेला. भिवा दारात उभाच राहिला. थोड्या वेळाने आवडाबाय आली. ती शेवंतीचं पोट तपासायला आली होती, असं ती म्हणाली. जाताना उंबऱ्यावर थांबली.

“भिवा, ही पोर माझ्याच हातावर जन्मली. तिचं बाळंतपणही माझ्याच हातावर होणार. तू विसरणार नाहीस म्हणा, पण सांगून ठेवलेलं बरं.”

धमकी कशी द्यावी हे आवडाबायकडून शिकावं. एक वाकडा शब्द नाही, आणि ऐकणाऱ्याची झोप उडाली.

सकाळी ओहोटी लागली. दोन्ही वाड्यांची तरणीताठी माणसं फावडी आणि खुरपी घेऊन खाडीच्या मुखाशी समोरासमोर जाऊन उभी राहिली. सांगून ठेवलं होतं की देवळाची घंटा एकदा वाजली तर जनावर शिंपला, दोनदा वाजली तर किडा. घंटा वाजताच ज्याचं त्याने सगळं खणून न्यायचं, दुसऱ्याने हात लावला तर सोडायचं नाही. तिथे शेवंतीचा नवराही फावडं घेऊन उभा होता. त्याच्या समोर आवडाबायचे दोन लेक. लहानपणी एकत्र पोहायला शिकलेली माणसं ती, पण त्या दिवशी कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

देवळात भिवाने देवीपुढे परात ठेवली. परातीत खाडीची वाळू, वर खाडीचं पाणी, आणि त्यात एक अखंड जनावर सोडलं. देवीला दिसायला नको का, प्रश्न कशाचा आहे ते! मग त्याने तगरीच्या दोन पाकळ्या निवडल्या. सारख्या आकाराच्या, सारख्या ओल्या. उजवी पाकळी लावली, डावी लावली.

“आई,” तो म्हणाला, “हा शिंपला असेल तर उजवी दे. किडा असेल तर डावी दे.”

उजव्या हाताला आवडाबाय बसली, डाव्या हाताला पांडू. मागे दोन्ही वाड्यांची म्हातारी माणसं. सगळ्यांचे डोळे पाषाणावर.

पाकळ्या पडेनात.

हवा दमट होती. वाऱ्याचं नाव नाही. ऊन देवळाच्या पायरीपर्यंत आलं, पायरी चढून आत आलं, तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. कोणी खोकलं तरी बाकीचे वळून बघायचे. पांडूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलाही त्याने हात उचलला नाही. कोण जाणे, हात उचलला म्हणजे उठला असं कोणी म्हणालं तर!

तेवढ्यात भिवाची बायको धावत आली. मंडपाच्या बाहेरच थांबली, कारण कौल लागलेला असताना आत यायचं नसतं.

“अहो,” ती म्हणाली, “शेवंतीला कळा लागल्यात. पहाटेपासून लागल्यात, मी सांगितलं नाही. आता पोर अडलीय. मला काही सुधरत नाही. आवडाक्का, चला हो!”

मंडपात चळवळ झाली. आवडाबायचे दोन्ही हात जमिनीवर टेकले. आता उठणार असं वाटलं. तेवढ्यात तिच्या मागून कोणीतरी पुटपुटलं, “उठलीस तर हरलो.” तिने हात परत मांडीवर घेतले. तिचा चेहरा काळवंडला.

“मला उठता येत नाही गो,” ती म्हणाली. “पाकळी पडली की लगेच येते. तोवर तिला डाव्या कुशीवर निजव. जोर करू देऊ नको.”

“आणि पाकळी पडलीच नाही तर?”

भिवाची बायको रडत परत गेली. घर लागूनच होतं. शेवंतीचं कण्हणं आता देवळात ऐकू येत होतं.

भिवा पाषाणाच्या सगळ्यांत जवळ बसलेला. त्याच्या नाकापासून उजवी पाकळी वीतभर लांब. नुसता श्वास जोरात सोडला असता तरी ती पडली असती. कोणाला कळलं नसतं. आवडाबाय त्या क्षणी उठून धावली असती, लेक वाचली असती. मग पांडू तिला घरात घेणार नाही, पण जिवंत तर राहील! डावीवर फुंकर मारली तर लेकीचा संसार वाचेल, पण हरलेली आवडाबाय येईल की नाही? आली तरी कोणत्या मनाने हात लावेल? मुलांनो, तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय केलं असतं, हे मला सांगू नका. घरी बसून सगळेच शूर असतात.

घरातून शेवंती ओरडली. “बाबा!” एवढाच शब्द.

भिवा वाकला. ओठ उजव्या पाकळीजवळ नेले. देवीकडे बघायचं धाडस होईना म्हणून त्याने नजर खाली वळवली, तर खाली परात.

परातीत काहीतरी चाललं होतं. सकाळपासून सगळे पाकळ्यांकडे बघत होते, जनावराकडे बघायला कोणाला सवड झाली नव्हती. ते आपलं काम करत होतं. शिंपल्यांचं तोंड त्याने वाळूत खुपसलं होतं आणि शिंपले इकडून तिकडे कातरीसारखे घासत ते वाळूत शिरलं होतं. शेपूट मागून ओढलं जात होतं. तिसरी कधी असं करत नाही, ती जिभेसारखा पाय बाहेर काढते आणि त्याने वाळू उकरते. किडाही असं करत नाही. भिवाने हे दोन्ही आयुष्यभर पाहिलं होतं. तो बघतच राहिला. जनावर आतल्या आत वळलं असावं, कारण थोड्या अंतरावर वाळू हलली आणि वर तीन फटी उघडल्या. कडेच्या दोन फटींतून पाण्यातला कचरा आत ओढला जाई, मधल्या फटीतून पाणी बाहेर येई. स्वतःचं घर करून ते पहिल्यासारखं राहायला लागलं होतं. आपलं नाव काय ठरतंय याची त्याला काही पडलेली नव्हती.

भिवा सरळ बसला. फुंकर तोंडातच राहिली.

“आवडाक्का,” तो म्हणाला. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “देवीसमोर खरं सांग. हा किडा का नाही?”

कौल चालू असताना पुजारी बोलतो, हे कोणी ऐकलं नव्हतं. पण प्रश्न आवडाबायच्या फायद्याचा होता. ती लगेच बोलली.

“किडा कसा असेल? किड्याच्या अंगाला वळ्या असतात. एका टोकाला तोंड असतं. या शेपटीला ना वळी, ना तोंड. हा नुसता दोर आहे. आपली होडी नांगराला बांधतो ना, तसं हे जनावर तळाला बांधलेलं असतं. भीती वाटली की दोर आखडून खाली जातं. किडा म्हणणाऱ्याचे डोळे फुटलेत.”

“पटलं,” भिवा म्हणाला. “व्याहीबुवा, आता तुम्ही सांगा. हा शिंपला का नाही?”

पांडूही वाटच बघत होता. “शिंपला? तिसरीचे शिंपले डाव्या-उजव्या गालांसारखे असतात, दोन्ही सारखे. आणि मागे बिजागरी असते. याला बिजागरी कुठाय? याचं एक कवच पाठीवर, एक पोटावर. दोन्ही सारखीसुद्धा नाहीत, नीट बघा. आत उघडलं तर तिसरीचं मांस नाही, नुसते केसांचे दोन झुपके. याला शिंपला म्हणणारीने तिसरी कधी फोडली नसेल.”

“पटलं,” भिवा म्हणाला. “तुमचंही पटलं.”

आवडाबायने पांडूकडे बघितलं. पांडू खाली बघायला लागला. दोघांनी एकमेकांना खोटं पाडलं होतं, आणि दोघंही खरं बोलली होती. हे दोघांना एकदमच कळलं.

“मग सकाळपासून मी देवीला काय विचारत बसलोय?” भिवा म्हणाला. “शिंपला असेल तर उजवी, किडा असेल तर डावी. दोन्ही नसेल तर? तिने कोणती पाकळी द्यायची? ती बिचारी गप्प बसलीय, आणि आपण म्हणतोय कौल का येत नाही! चूक तिची नाही. प्रश्न मी चुकीचा विचारला.”

“भिवा, जपून,” मागून एक म्हातारा म्हणाला. “कौल मोडलास तर पूजा जाईल.”

शेवंती पुन्हा ओरडली. या वेळी शब्द नव्हता.

भिवाने हात पुढे केला. उजवी पाकळी काढली. डावी पाकळी काढली. दोन्ही देवीच्या पायाशी ठेवल्या आणि नाक घासून नमस्कार केला. म्हातारी माणसं “अरे अरे” करत उभी राहिली. कोणी कपाळावर हात मारला.

“कौल मोडला,” भिवा म्हणाला. “मी मोडला. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. आवडाक्का, आता उठलीस तर चालेल.”

आवडाबाय आधीच उठली होती. साठीची बाई, पण पायऱ्या उतरून घरात शिरेपर्यंत ती कोणाला दिसली नाही. जाता जाता तेवढं ओरडली, “पाणी तापवा! आणि माझे लेक तिकडे फावड्यांपुढे उभे आहेत, त्यांना कोणीतरी घरी हाका मारा!”

पण हाका मारायची गरज पडली नाही. पुळणीवर सगळे घंटेची वाट बघत कान टवकारून उभे होते. घंटा वाजलीच नाही. भरती मात्र वेळेवर आली. आधी घोट्यापर्यंत पाणी आलं, मग गुडघ्यापर्यंत. एकाने पाय मागे घेतला, मग दुसऱ्याने. समोरच्याआधी आपण मागे सरलो असं दिसू नये म्हणून जरा वेळ सगळे भिजत उभे राहिले. पाणी कमरेला लागल्यावर शहाणपण सुचलं आणि दोन्ही वाड्या फावडी खांद्यावर टाकून ओल्या लुगड्यापंचांनिशी परत फिरल्या. त्या दिवशी तिथली एकही फट कोणी उकरली नाही.

पांडू तांडेल देवळातच बसून राहिला. आता त्याला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. उठून जाऊ शकत होता, पण जायचं कुठे? घरी गेला तर लेकाला काय सांगणार? भिवाच्या दारात गेला तर कोणत्या तोंडाने? भिंतीपलीकडे सून कण्हत होती. मधूनच आवडाबायचा आवाज यायचा. “आता! आता जोर कर गो बाय! आणखी! हरू नको!” आणि मग तो आवाजही बंद झाला. काहीच ऐकू येईना. पांडूला वाटलं, गेली. सून गेली आणि नातवंडही गेलं. काल संध्याकाळी आपण त्या अंगणात उभं राहून काय बोललो ते त्याला शब्दन्‌शब्द आठवलं.

तेवढ्यात एक बारीक, चिडका आवाज आला. बाळ रडलं.

पांडू धडपडत उठला आणि भिवाच्या ओटीवर आला. भिवा खांबाला टेकून बसला होता, डोळे पुसत होता. आत कोण कसं आहे, विचारायचा पांडूला धीर होईना. आवडाबाय बाहेर आली. लुगड्यात गुंडाळलेलं बाळ तिच्या हातात होतं.

“दोघी ठीक आहेत,” ती म्हणाली. “नाळ मानेला गुंडाळली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मी काही करू शकले नसते. मुलगी आहे.”

पांडूने मोठा श्वास सोडला. आणि माणसाची सवय बघा, जीव भांड्यात पडताच तोंडातून पहिलं काय निघालं?

“कोणावर गेलीय? आमच्यावर की ह्यांच्यावर?”

आवडाबायने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर पळाला असता. मग ती पुढे आली आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

“बघ. तूच सांग.”

पांडूने बघितलं. खूप वेळ बघितलं. लाल, सुरकुतलेला चेहरा. नाक त्याच्या घरचं नव्हतं. कपाळ भिवाच्या घरचं नव्हतं. मुठी आवळून ती सगळ्या जगावर रागावली होती.

“कोणावरच नाही,” तो हळूच म्हणाला.

“मग?” आवडाबाय म्हणाली. “तुझी नाही म्हणून टाकून देतोस? की अर्धी तुला आणि अर्धी भिवाला देऊ?”

पांडू तसाच खाली, ओटीवर बसला आणि बाळाला छातीशी धरून ढसाढसा रडला. भिवा त्याच्याशेजारी सरकला. दोघं व्याही बाळाकडे बघत राहिले, आणि आवडाबाय हात धुवायला न्हाणीत गेली. तिथे तीही रडली म्हणतात, पण ते विचारायची हिंमत गावात कोणाला झाली नाही.

शेवंती बाराव्या दिवशी सासरी गेली, वाजतगाजत. पुळणीसाठी दोन्ही वाड्यांनी मिळून तिसरा नियम केला. जे शिंपलाही नाही आणि किडाही नाही, ते कोणा एकाचं नाही. ते काढायचं तर दोन्ही वाड्यांनी मिळून, पोटापुरतं, अर्धा पट्टा न उकरता ठेवून. जनावराला नाव नव्हतं, म्हणून बायकांनी ठेवलं. शिंपल्यांचा आकार जिभेसारखा, म्हणून जिभली. गाळ हळूहळू धुपून गेला, तिसऱ्या परत आल्या, किडेही आले. तोवर गाव शेपटीसकट शिजवलेल्या जिभल्यांवर तगलं.

भिवाची पूजा मात्र गेली. रीत ती रीत, त्यात कोणी सूट दिली नाही आणि त्याने मागितलीही नाही. देवीची पूजा दुसऱ्या घराकडे गेली. पण पुढे गावात कोणालाही कौल लावायचा असला, की तो देवळाची पायरी चढण्याआधी भिवाच्या ओटीवर येऊन बसायचा आणि विचारायचा, “भिवाकाका, माझा प्रश्न तेवढा ऐकून घ्या. प्रश्न बरोबर आहे ना?”

तात्पर्य: उत्तर मिळत नसेल तर आधी आपला प्रश्न तपासावा, आणि तो चुकला असेल तर चारचौघांत कबूल करावं. जे आपल्या ठाऊक असलेल्या दोन नावांत बसत नाही, ते तोडून बसवू नये.